चिलटांची शर्यत

३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलंय. मी झोपेत दात खाते म्हणे, दाढा झिजल्यात. "दिवसभराचा राग लिहून काढत जा," म्हणाले. "कुणावरचा?" विचारलं, तर म्हणाले, "ते तुम्हाला माहीत."

आजचा राग निधी समितीवर. माझा प्रस्ताव नामंजूर झाला. कारण असं दिलंय: "सदर संशोधन अत्यंत आशादायक आहे. अर्जदाराने ते आधी पूर्ण करून दाखवल्यास निधीचा विचार करता येईल." पूर्ण झाल्यावर मला निधी कशाला हवाय? बारसं आटोपल्यावर पाळणा देणार!

संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "चांगलं आहे की."

"सर, नामंजूर आहे."

"हो, पण 'अत्यंत' म्हटलंय. मला उभ्या आयुष्यात कुणी 'अत्यंत' म्हटलं नाही."

मग मुद्द्यावर आले. बाहेरून पैसे उभे करा, नाहीतर जूनपासून तुमची खोली शेजारच्या गोगलगायवाल्या बाईंना. त्यांच्या गोगलगायी वाढताहेत, त्यांना जागा हवी. माझी चिलटंही वाढताहेत, पण त्याचं कुणाला कौतुक नाही.

माझं काम तसं सोपं आहे. फळांवर घोंघावतात ती चिलटं. त्यांच्यात एक बिघडलेलं जनुक घातलं की माणसाच्या कंपवातासारखं काहीतरी त्यांना होतं. निरोगी चिलट काचेच्या नळीच्या तळाशी आपटलं की झरझर वर चढतं. आजारी चिलट जरा चढतं, मध्येच थांबतं, काय करायला निघालो होतो ते विसरल्यासारखं उभं राहतं आणि खाली पडतं. कुंपणाला लावतात त्या एका साध्या झुडपाच्या सालीत एक पदार्थ आहे. तो खाऊ घातल्यावर आजारी चिलटं पुन्हा चढायला लागतात, असं मला एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. ते खरं की योगायोग, हे मोठ्या प्रयोगाशिवाय कळणार नाही. एवढंच.

आई विचारणाऱ्यांना सांगते, "आमची मुलगी पगार घेऊन माश्या मारते."

११ फेब्रुवारी

कंपवाताच्या रुग्णांचं एक मंडळ आहे. दर मंगळवारी एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतात. तिथे आज माझं भाषण झालं. झोळी घेऊन जाण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

मी आलेख दाखवले. समोर पन्नासेक माणसं. हात हलताहेत, माना हलताहेत, चेहरे मात्र दगडासारखे. आधी वाटलं, भाषण रटाळ होतंय. नंतर आठवलं, या आजारात चेहऱ्यावरचे स्नायू हलत नाहीत. तरीही भाषण रटाळच होतं.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका उंच म्हाताऱ्यानं हात वर केला. यांना सगळे रेडिओकाका म्हणतात. तीस वर्षं रेडिओवर घोड्यांच्या शर्यतींचं धावतं वर्णन करायचे. नऊ वर्षांपूर्वी आजारात आवाज गेला. आता नुसतं कुजबुजतात, म्हणून बायको तोंडाशी कान नेऊन ऐकते आणि जगाला सांगते. काका काहीतरी पुटपुटले. काकू उभ्या राहिल्या.

"ते म्हणतात, बाईंनी छान समजावलं, पण हॉलमध्ये गारठा आहे, खिडक्या लावून घ्या. आणि सेक्रेटरींनी मागच्या वेळेसारखा चहाला उशीर करू नये."

मला वाटलं, काका चारच शब्द बोलले होते. निघताना मुद्दाम त्यांच्याजवळ वाकले. ते कुजबुजले, "आधी कोण पोचतं वर?"

तेवढाच प्रश्न होता. खिडक्यांबद्दल काही नव्हतं.

१८ फेब्रुवारी

मंडळातले सहा जण प्रयोगशाळा बघायला आले. ते दोन जिने चढेपर्यंत जीव मुठीत धरून उभी होते मी. काकांचा पाय तर दारातच खिळला. उंबरठा नसलेल्या दारातही त्यांना उंबरठा दिसतो. काकूंनी "एक, दोन, टाक!" म्हटलं तेव्हा आत आले.

तीन नळ्या मांडल्या: लाल, निळ्या आणि पिवळ्या बोळ्याची. एकीत निरोगी चिलटं, एकीत आजारी आणि एकीत साल खाल्लेली आजारी. कोणत्या रंगात काय, हे मलाही ठाऊक नसतं. ठाऊक असलं की डोळे लबाडी करतात. रंग गोगलगायवाल्या बाई ठरवतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यांना बोलायची तशीही आवड नाही.

मी नळ्या टेबलावर आपटल्या. चिलटं तळाला गेली. आणि अचानक मागून आवाज आला.

"सुटली! लालनं पहिल्याच झेपेत आघाडी घेतलीय, लाल एकदम मोकळी सुटलीय, मागे पिवळी, पिवळीतला एक गडी सगळ्यांना मागे टाकून निघालाय, थांबला, अरे, का थांबलास बाबा, पुढे रस्ता मोकळा आहे, निळी अजून तळाशीच, निळीचा आज रविवार दिसतोय, निघाला! पिवळीचा गडी निघाला…"

रेडिओकाका! आवाज असा की कपाटाच्या काचा वाजल्या. गोगलगायवाल्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं आग लागली. काकूंच्या हातातली पर्स खाली पडली. बाकीचे पाचही जण उठून टेबलाभोवती कोंडाळं करून उभे राहिले, त्यांच्या सावल्या नळ्यांवर पडल्या आणि मला नीट नोंद घेता आली नाही. एक प्रयोग वाया.

लाल वर पोचल्यावर काकांनी श्वास घेतला आणि तशाच खणखणीत आवाजात काकूंना म्हणाले, "आणि मला चहात साखर चालते! मी कधीही नको म्हणालो नव्हतो!"

मग आवाज पुन्हा गेला.

१९ फेब्रुवारी

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. शर्यत हॉलमध्ये, सगळ्यांसमोर घेता येईल का? तिकीट लावतील, येईल ते सगळं प्रयोगाला.

म्हटलं, हे विज्ञान आहे, जत्रा नाही.

फोन ठेवल्यावर चिलटांच्या खाण्याचा डबा उघडला. तळ दिसत होता. उलटा फोन केला.

४ मार्च

हॉल भरला. नळ्यांवर कॅमेरा, भिंतीवर पडदा. तिळाएवढी चिलटं घोड्याएवढी दिसत होती. पार्श्वभूमीला काकांचा खणखणीत आवाज. लाल जिंकली, तर लोकांनी चक्क हुर्यो उडवली. एक आजी व्हीलचेअरमधून ओरडल्या, "तिला काय धाड भरलीय! चढणारच ती!" निरोगी कोण ते सगळ्यांनी पहिल्या शर्यतीतच ओळखलंय. खरी चुरस निळी आणि पिवळीत. त्यातली एक साल खाते. पिवळी जरा पुढे असते, म्हणून सगळा हॉल पिवळीच्या बाजूचा.

तक्रार एकच. पिवळी वर जायला लागली की पुढच्या तीन रांगा उठून उभ्या राहतात. त्या आजीसुद्धा. मागच्यांना पडदा दिसत नाही. सेक्रेटरींना म्हटलं, बसवा यांना. ते म्हणाले, "मॅडम, एरवी यांना उठवायला दोन माणसं लागतात." तो प्रश्न निराळा. मी बसवण्याबद्दल बोलत होते.

१२ मार्च

संचालकांनी बोलावलं. संस्थेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत, म्हणाले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ काय म्हणतील? मी मान खाली घालून ऐकलं.

जाताना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा. आमच्या हिला पिवळी बघायचीय."

२५ मार्च

आता एक गादीवालेही आलेत. गाद्यांचा मोठा कारखाना आहे. त्यांच्या आईला हाच आजार होता. गोष्ट सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच दमात त्यांनी पडद्याच्या वर गाद्यांची जाहिरात लावायची परवानगी मागितली. दोन्ही खरं होतं असं वाटतं. त्यांच्यामुळे प्रयोग मला हवा होता त्याच्या तिप्पट मोठा झालाय. नळ्याच नळ्या. मोजून मोजून मान आखडते.

आई पण आली आज. पिवळे रुमाल हलवणाऱ्या अख्ख्या हॉलमध्ये एकटी निळीच्या बाजूनं ओरडत होती. घरी येताना विचारलं, निळीच का? "कुणीतरी नको का तिला?" म्हणाली. शास्त्रीय कारण नाही, पण वादही घालता येईना.

२ एप्रिल

काकू प्रयोगशाळेत आल्या. एकट्याच. स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून चिलट दाखवलं.

झालंय असं. मंगळवारी काकांचा आवाज येतो आणि आता तो शर्यत संपल्यावरही तास-दीड तास टिकतो. तेवढ्या वेळात ते काकूंकडून नऊ वर्षांचा हिशेब मागतात. मी असं कधी म्हणालो? तसं कधी म्हणालो? काल गाडीचा विषय निघाला.

"म्हणे गाडी का विकलीस! मी म्हटलं, अहो, तुम्हाला विचारून विकली, तुम्ही मान हलवलीत. तर म्हणतात, 'अगं, मान हलतेच माझी! आजार आहे तो!'"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"बाई, मी काही मुद्दाम नाही केलं. पहिली दोन वर्षं शब्दन् शब्द ऐकून सांगायचे. पण लोकांना घाई असते हो. ते एक वाक्य बोलायला मिनिटभर घेणार, तोवर समोरचा घड्याळ बघतो. मग मीच सांगून टाकायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं, आणि माझं काही कमी होईना."

मग त्यांनी विचारलं, हे सालीच्या औषधामुळे झालं का? म्हटलं, काकू, साल चिलटं खाताहेत, काका नव्हे. त्यांनी डोळे पुसले आणि सालीच्या भुकटीची बाटली उचलून बघितली. जरा जास्तच वेळ बघितली, असं आता लिहिताना वाटतंय.

१५ एप्रिल

संचालकांची वर्तमानपत्रात मुलाखत. मथळा: "कंपवात आता कुंपणापर्यंतच!" आत झुडपाचं नाव, रंगीत फोटो आणि फांदी ओळखायची खूण. मी म्हटलं, "सर, प्रयोग अजून चालू आहे. काहीही सिद्ध झालेलं नाही."

"मी कुठे म्हणालो झालंय म्हणून? मी फक्त 'अत्यंत आशादायक' म्हटलं."

२३ एप्रिल

शहरातली कुंपणं सोलून निघाली. बागेतली, शाळेची, कोर्टासमोरची. झुडपं नागडी उभी आहेत. आपल्या संस्थेचंही कुंपण रात्रीत साफ झालं. पहारेकऱ्याला विचारलं, तू काय करत होतास? तो म्हणाला, "मॅडम, माझे सासरेही आजारी आहेत."

गादीवाल्यांनी सालीचा भुसा भरलेली गादी काढलीय. नमुना माझ्याकडे पाठवलाय. टोचते.

संस्थेतल्या आणि हॉलमधल्या सगळ्या फलकांवर "साल खाऊ नका" असं लिहून लावलं. दुपारी सेक्रेटरी सांगत होते की लोक आता विचारताहेत, खायची नाही तर मग उकळून प्यायची का?

६ मे

आज शर्यत झाली नाही. काका आले नाहीत, काकूंचा फोन लागेना. लोक अर्धा तास पडद्याकडे बघत बसले. काकांशिवाय चिलटं नुसतीच चिलटं दिसत होती. सेक्रेटरींनी वर्णनाचा प्रयत्न केला: "तर… ती… वर जात आहेत." कुणीही उठलं नाही. निदान मागच्यांना पडदा दिसला.

संध्याकाळी कळलं. काका हॉस्पिटलमध्ये आहेत.

तशीच गेले. काका पलंगावर लाकडाच्या ओंडक्यासारखे पडलेले, अंगात ताप, जबडा घट्ट. डॉक्टरीण बाई माझ्यावरच खेकसल्या. "तुम्हीच का त्या सालवाल्या? यांनी तीन आठवडे रोज सालीचा काढा प्यायलाय. आणि परवापासून आमच्या गोळ्या साफ बंद! या गोळ्या अशा एकदम थांबवल्या तर माणूस दगावतो, कल्पना आहे?"

काकू कोपऱ्यात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ते म्हणाले, आवाज सालीनं आलाय, गोळ्यांनी नऊ वर्षांत आला नाही, मग गोळ्या कशाला? या वेळी मी त्यांच्या मनाविरुद्ध जायचं नाही असं ठरवलं होतं. एवढं बोलून दाखवलं मला त्यांनी. म्हटलं, आता ते म्हणतील तसंच करायचं."

मी पायाशी उभी राहिले. काकांच्या पांघरुणाचं टोक सरळ केलं, जे सरळच होतं.

७ मे

सकाळी थेट गोगलगायवाल्या बाईंकडे. म्हटलं, रंग सांगा. ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी विचारतेय, पण नळ्या पुरेशा झाल्यात आणि माणसं काढा पिताहेत.

बाई गोगलगायींना पानं घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाल निरोगी. निळी साल. पिवळी काहीच नाही."

म्हणजे अख्खं शहर जिच्या नावानं रुमाल हलवत होतं, ती पिवळी साधं खाणं खात होती. तीच पुढे असायची! पण तेही मनावर घेण्यासारखं नाही. सगळ्या नळ्यांची बेरीज मांडली, दुपारपर्यंत तीनदा तपासली. निळी आणि पिवळीत काहीही फरक नाही. कधी ही पुढे, कधी ती. माझा पहिला छोटा प्रयोग हा निव्वळ योगायोग होता.

साल उपयोगाची नाही. सहा वर्षं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे निळीला औषध देऊनही ती बिचारी मागेच?" आणि पहिल्यांदाच पगाराचा विषय न काढता ताट वाढलं.

९ मे

संचालकांच्या खोलीत संचालक, गादीवाले आणि मी.

गादीवाले म्हणाले, "मॅडम, आपण असं म्हणू की निकाल तूर्त लागलेला नाही."

"लागलाय."

"पण पूर्ण नाही लागला, असं?"

"पूर्ण लागलाय."

"माझ्या चारशे गाद्या भरून तयार आहेत हो! आणि खरं सांगू? मी स्वतः त्या गादीवर झोपतो. मला फार बरं वाटतं."

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. पण बरं वाटतं."

संचालक खिडकीबाहेर सोललेल्या कुंपणाकडे बघत म्हणाले, गादीवाले नवीन इमारत देणार होते, तीन मजली. तुम्हाला वरचा मजला. मी वरच्या मजल्याचा विचार केला. खोटं कशाला लिहू? चांगला मिनिटभर केला. मोठ्या खिडक्या, वेगळं थंड कपाट, गोगलगायींचा वास नाही. तीन आठवडे गप्प राहायचं, मग हळूच एक छोटं टिपण छापायचं, कोण वाचतंय?

मग म्हटलं, मंगळवारी मी हॉलमध्ये सांगणार आहे. गादीवाले उठले. दारात म्हणाले, "आईच्या वेळी कुणीतरी काहीतरी आहे म्हणालं असतं, तर बरं झालं असतं." आणि गेले. त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

१३ मे

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळे रुमाल, पिवळ्या टोप्या. काकांना कालच घरी सोडलंय. चाकाच्या खुर्चीत, शालीत गुंडाळलेले, शेजारी काकू. गोळ्या पुन्हा चालू आहेत, पण आवाजाचा पत्ता नाही, कुजबुजही नाही.

मी आलेख आणला होता. तो दाखवलाच नाही. म्हटलं, "साल निळीत होती. निळी आणि पिवळी सारख्याच चढल्या. साल काही करत नाही. जी माणसं काढा घेताहेत त्यांनी आजच बंद करा, आणि ज्यांनी गोळ्या थांबवल्यात त्यांनी आत्ता, इथून सरळ डॉक्टरांकडे जा. चूक माझी आहे. नाही, चूक नाही. मला वाटलं होतं तसं निघालं नाही. तुमचे पैसे यात गेले."

समोर ते न हलणारे चेहरे. मला वाटलं, आता रुमाल अंगावर येतील.

व्हीलचेअरमधल्या आजींनी विचारलं, "मग निळीचं काय झालं?"

"म्हणजे?"

"औषध लागू नाही पडलं तिला. आता तिला दुसरं काय देणार?"

म्हटलं, माझ्याकडे अजून बरेच पदार्थ आहेत, एकशेचाळीस. बहुतेक निकामी निघतील. कदाचित सगळेच. एकेकाला काही महिने. तुमच्यातल्या कुणाच्या उपयोगाला येतील असं नाही.

तेवढ्यात काकूंनी काकांच्या तोंडाशी कान नेला आणि उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ते म्हणतात, एकशेचाळीस घोडे तबेल्यात आहेत आणि तुम्ही कसल्या रडताय? पुढची शर्यत कधी?"

हॉल उसळला. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले. हलत्या हातांची मोजणी तीन वेळा चुकली.

मी काकांच्या अगदी शेजारी उभी होते. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठही. पण काकूंना सवय आहे, त्यांना माझ्यापेक्षा बारीक ऐकू येत असेल.

२८ मे

निधी समितीला कळवलं होतं की प्रयोग पूर्ण झाला. त्यांचं उत्तर: "अर्जदाराने संशोधन पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. पूर्ण झाल्यामुळे आता निधीची आवश्यकता उरलेली नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे."

नकारात्मक निकालाचा लेखही दोन नियतकालिकांनी परत केला. एकानं लिहिलंय, "वाचकांना यात उत्कंठा वाटणार नाही." यांनी मंगळवारी हॉलमध्ये यावं.

माझी खोली गेली. गोगलगायवाल्या बाईंनी स्वतःच्या खोलीतलं अर्धं टेबल रिकामं करून दिलंय. बोलल्या काहीच नाहीत, मध्ये खडूची रेघ मारली. मंडळानं दिलेल्या पैशात पदार्थ क्रमांक दोन सुरू. रंग त्या ठरवतात. गादीवाल्यांनी जाहिरात काढून घेतली, पण परवा मागच्या रांगेत बसलेले दिसले. तिकीट काढून आले होते.

१६ जून

काका हळूहळू सावरताहेत. खुर्चीतून काठीवर आलेत. दोन मंगळवार हॉलमध्ये येऊन नुसते बसले, वर्णन केलं नाही. मी विषय काढला नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये.

आज सकाळी काकूंचा फोन. आवाजात नुसता वैताग.

"बाई, तुम्ही यांना समजवा. तीन दिवस झाले, असलं काही बघितलं नव्हतं."

म्हटलं, पुन्हा गोळ्या बंद केल्या का?

"गोळ्या वेळच्या वेळी घेतात हो. स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात. मी दूध तापत ठेवलं की शेगडीसमोर काठी टेकून उभे. थांबा, तुम्हीच ऐका."

त्यांनी फोन लांब धरला. आधी भांड्याची खडखड, मग दुरून, घोगरा पण स्पष्ट आवाज: "…कडेनं बुडबुडे निघालेत, साय अजून घट्ट धरून आहे, मधोमध हालचाल दिसतेय, साय वर उचलली गेलीय, दूध चढतंय, चढतंय, काठाला भिडलंय…"

मग चर्रर्र. आणि काकूंचं, "गेलं!"

"रोज उतू जातं," त्या फोनवर आल्या. "शेगडी पुसून पुसून हात दुखले माझे. समोर उभे असतात आणि बटण बंद करत नाहीत."

मी म्हटलं, "काकू, त्यांच्या हाताला वेळ लागतो. तुम्हीच बंद करा ना."

"मी कशी करू?" काकू म्हणाल्या. "मी ऐकत असते."

मी त्यांना सांगितलं की आच आधीपासूनच मंद ठेवली तर दूध उतू जात नाही, हे साधं शास्त्र आहे. त्यांनी हो-हो म्हणत फोन ठेवला. आच मंद ठेवतील असं वाटत नाही.